फक्त वाचण्यापुरती परवानगी

"कॉम्प्युटर बिघडलाय, लगेच ये!" बाबांचा फोन आला आणि मी धावतपळत माहेरी गेले. आई आठवणी लिहिते त्या फाइलमध्ये बाबांना बदल करता येत नव्हता. सेटिंग उघडलं तर मालकीण आई. बाबांना परवानगी फक्त वाचण्याची. "मीच केलंय," शेंगा सोलत आई म्हणाली. "जन्मभर छापखान्यात प्रुफं तपासली, आता माझ्या लिखाणावर टपलेत. मी लिहिलं, 'हे घोरतात.' यांनी चक्क खोडलं! मी पुन्हा लिहिलं आणि कुलूप घातलं." बाबा पुटपुटत वाचायला बसले. हळूहळू पुटपुटणं थांबलं, मग हसू ऐकू आलं. शेवटी हाक आली, "अगं, झकास लिहितेस की!" आईचे हात थांबले. "दे गं त्यांना परवानगी." मी दिली. बाबांनी एकच बदल केला आणि खुर्ची मागे सरकवली. आम्ही दोघींनी वाकून पाहिलं: 'हे फार घोरतात.'