फुटक्या कपातला निवडुंग

वाळवंटी झाडांच्या त्या बागेत मुख्य माळीबुवांचा भारी दरारा होता. कुणी काट्याला नुसतं बोट लावलं तरी ते लांबून खेकसायचे. पण यंदा काचघराचं छत गळलं आणि त्यांचा जीव की प्राण असलेला एक दुर्मीळ निवडुंग मुळापासून कुजला. त्या जातीचं दुसरं रोप कुठल्याच बागेत उरलं नव्हतं. बुवांनी जिथे जिथे फोन केले तिथून नकारच आला. आठवडाभर त्यांना घास गोड लागला नाही.

रविवारी एक आजी नातीला घेऊन आल्या आणि त्यांनी पिशवीतून एक फुटका कप काढून टेबलावर ठेवला. कपात तोच निवडुंग होता, अगदी टवटवीत, अंगाला दोन पिल्लं फुटलेली.

"पेपरात तुमचा निवडुंग कुजल्याची बातमी आणि फोटो बघितला आणि राहवेना," आजी मान खाली घालून म्हणाल्या. "वीस वर्षांपूर्वी तुमची पाठ वळल्यावर मीच एक तुकडा मोडून पर्समध्ये टाकला होता. आता काय बोलायचं ते बोला."

नात आ वासून आजीकडे बघत राहिली.  बुवांनी डोळे पुसले, आजींसाठी खुर्ची पुढे ओढली आणि बागेतून नाहीशा झालेल्या झाडांची यादी त्यांच्यासमोर धरली.



"आजी, जरा नीट आठवून सांगा, अजून काय काय चोरलं होतंत?"