त्याच्या अक्षरातलं घर

बायको जर्मन शिकायला लागली आणि घरभर चिठ्ठ्या चिकटल्या. दारावर, आरशावर, माझ्या उशीवरसुद्धा. प्रत्येक वस्तूचं जर्मन नाव, तिच्या त्या तरण्याबांड मास्तरच्या वळणदार अक्षरात. मी चावीवाला, कुणाचंही दार उघडून देतो. पण स्वतःच्या घरात पाणी प्यायला गेलो तरी ग्लासवर आधी तोच दिसायचा. तळपायाची आग मस्तकात जायची. काल एक चिठ्ठी उरली. “ओनमाख्त,” ती म्हणाली. “डोळ्यांसमोर सगळं घडतंय आणि आपल्या हातात काहीच नाही, तेव्हा जर्मन लोक हा शब्द वापरतात. पण ही चिकटवू कशावर?” मी ती हिसकावून स्वतःच्या छातीवर थापली. बायको खळखळून हसली. “अहो, तुमची वेगळी आहे!” पर्समधून चिठ्ठी काढून तिने माझ्या शर्टावर लाडाने चिकटवली. “एहेमान. म्हणजे नवरा.” मी मान खाली घालून बघितलं. अक्षर त्याचंच होतं.