आजच्या तारखेची फाईल

भाषांतरकार बाईंचा जुना कॉम्प्युटर त्या दुपारी अगदीच गळाठून गेला. एक अक्षर उमटायला घटकाभर वाट बघावी लागे, आणि मजकूर तर संध्याकाळपर्यंत द्यायचा होता.

"म्हातारा झालाय गं तो, थोडं ओझं उतरव त्याचं," बाहेरच्या खोलीत विणत बसलेली त्यांची ताई म्हणाली.

बाईंनी जुने फोटो, सिनेमे काढून टाकले. निम्मी डिस्क रिकामी झाली. पाणी पिऊन येईस्तोवर ती पुन्हा काठोकाठ भरली होती.

सगळी जागा आवाजाच्या एकाच फाईलने खाल्ली होती. तारीख आजची. बाईंनी ती लावली, तर त्यांच्याच खुर्चीची कुरकुर आणि त्यांचाच खोकला ऐकू आला. या कॉम्प्युटरला माइक कधीच नव्हता.

त्यांनी फाईल शेवटाकडे सरकवली. ताईचा आवाज आला, "अगं, दारात कोणीतरी उभं आहे. उघडू का?"

"उघड," बाईंचाच आवाज म्हणाला. कडी सरकली. मग ताई किंचाळली आणि ती किंकाळी मध्येच तुटली.

असं काही आज घडलंच नव्हतं. बाईंनी फाईल पुसली, कचरापेटीतूनही काढली. कॉम्प्युटर नव्यासारखा पळू लागला.

तेवढ्यात बाहेरून ताईने विचारलं, "अगं, दारात कोणीतरी उभं आहे. उघडू का?"

"नको" म्हणायला बाईंनी तोंड उघडलं, पण घशातून शब्दच फुटेना. आणि पुढ्यातला कॉम्प्युटर अगदी त्यांच्याच आवाजात, शांतपणे म्हणाला, "उघड."