उंबऱ्यापाशी

रेश्मानं तिन्ही कॉन्ट्रॅक्टरांना एकच सांगितलं होतं. "पायऱ्या काढून उतार करायचा, बाथरूमचं दार रुंद करायचं. बाकी घराला काय शोभंल ते तुमी सांगा."

पहिल्यानं छत पाहिलं. "पीओपी करू, वैनी. लायटिंग सोडू. लय भारी दिसंल."

दुसऱ्यानं भिंती पाहिल्या, कराडच्या बंगल्यांचे फोटो दाखवले.

तिसरा, भाऊसो, खाली बघत घरभर फिरला आणि हळद-कुंकू लावलेल्या उंबऱ्यापाशी उकिडवा बसला.

"वैनी, चाकाची खुर्ची कुणासाठी?"

रेश्मानं दचकून स्वयंपाकघराकडं पाहिलं. आत सासूबाई, मनुबाई, भाकरी थापत होत्या.

"हळू बोला. हे मिल्ट्रीत हायेत. सुरुंग फुटला, दोन्ही पाय गेले. आत्याबाईंना सांगितलंय, सुट्टी रद्द झाली म्हणून."

"मग उंबराबी काढाय लागंल. त्या रोज पुजत असतील. त्यास्नी काय सांगणार?"

ज्याला एवढं सगळं दिसतं असा माणूस घरात नको, असं रेश्माला वाटलं. "ऱ्हाऊ द्या. मी पहिल्यालाच बोलावते."

भाऊसो गेला. भाकरी थापण्याचा आवाज कधीचा थांबला होता. मनुबाई पिठाच्या हातांनी बाहेर आल्या, उंबऱ्याशी थांबल्या.

"ह्यालाच काम दे. उंबरा काढू दे त्याला."

"आत्याबाई, तुमाला..."

"महिना झाला, पोरी. माझा जयराज फोनात निस्ता छातीपतूर दिसतोय."