शेवटचं पद

“दुःखाच्या घरी ओवी आपण पुरी करायची नाही गं. शेवटचं पद घरच्या माणसानं म्हणायचं.” आई जाऊन किती वर्षं झाली, पण वटार गावात ग्रेसीच्या ओसरीवर बसताना मला तिचा आवाज आठवला. ग्रेसीचा नवरा युजीन गेला, तेव्हापासून ती रडलीच नव्हती. ओवीनं तरी रडेल, म्हणून मी भरदुपारी आले होते.

मी गायले,

केळीच्या बागेमंदी पानी पाटाचं थांबलं,
ज्यानं लावली ही बाग...

ग्रेसीचे ओठ हलले नाहीत. आतल्या रिकाम्या खोलीतून एका पुरुषानं हळूच म्हटलं,

त्याचं येनं का लांबलं.

ग्रेसी चक्क हसली. “ऐकलंस, आशाताई? आमचा युजीन! चर्चमध्येसुद्धा नुसते ओठ हलवायचा, आणि आता बघ. गा, अजून गा!”

मी पुन्हा गायले. या वेळी आवाज दाराच्या अगदी जवळून आला.

“आंटी, प्लीज, बस करा,” तिची मुलगी जेसिका म्हणाली.

“गप गं, पप्पा आलेत तुझे.” ग्रेसी उठून दाराकडे निघाली.

जेसिकानं तिचा हात घट्ट धरला. “मम्मी, ते पप्पा नाहीत. तू घाबरशील म्हणून आम्ही सांगितलं नाही. पप्पा होते तेव्हापण रात्री तू झोपलीस की हा आवाज यायचा. पप्पाच उठून त्याला गप्प करायचे.”