डाव्या हाताची जागा

"नवा करून नकोय मला," ती म्हणाली. "कव्हर नवंच आहे. ते जुनं करून हवंय."

मास्तरांनी भिंग कपाळावर सरकवलं आणि तिच्याकडे नीट पाहिलं. लॅपटॉपची ॲल्युमिनियमची कव्हरं घासूनपुसून चकचकीत करण्यात त्यांची वीस वर्षं गेली होती. लोक चरे, पोचे, घामाने उडालेला रंग घेऊन येत आणि कालच दुकानातून आणल्यासारखा लॅपटॉप घेऊन जात. डाग घालवायला सगळेच येतात. डाग मागायला आलेलं गिऱ्हाईक हे पहिलंच. यात काहीतरी काळंबेरं असणार असं त्यांना वाटलं आणि पोटात ठेवायची सवय नसल्यामुळे ते तसं बोललेही.

ती रागावली नाही. तिने पिशवीतून एक नवंकोरं कव्हर आणि जुना लॅपटॉप काढून टेबलावर ठेवला. आतली बॅटरी फुगली होती. तळहात टेकायची जागा कमानीसारखी वर आली होती आणि एका कोपऱ्यात पत्रा फाटला होता.

लॅपटॉप तिच्या नवऱ्याचा. त्याला जाऊन चार वर्षं झाली होती. घरात आता ती आणि सासरे. सासऱ्यांची नजर गेल्या दोन वर्षांत पार गेली. रोज संध्याकाळी ते तिला लॅपटॉप चालू करायला लावत. आधी तिला हात ठेवायला सांगत, "ठीक आहे ना?" म्हणून विचारत आणि मग स्वतः ठेवत. डावीकडे, जिथे मुलाचा तळहात टेकून टेकून राखाडी थर उडाला होता, तिथे. चालू असला की ती जागा कोमट लागायची.

"म्हणून मी तो सदानकदा चार्जिंगला लावून ठेवायचे," ती म्हणाली. "माझ्याच हातानं घात झाला. आठवडाभर दुरुस्तीला दिलाय म्हणून थापा मारतेय. बाबांनी जन्मभर कारखान्यात धातू घासलाय, त्यांच्या बोटांना फसवणं सोपं नाही. पण ती जागा गेली असं कळलं तर ते खचतील."

बोलता बोलता तिचा हात त्या फुगलेल्या पत्र्यावर, डाव्या बाजूला, जाऊन टेकला होता. तिचं लक्षही नव्हतं.

मास्तर विरघळले. वाकलेला पत्रा सरळ होतो, पण बोटाशी चुगली केल्याशिवाय राहत नाही, आणि फाटलेल्याचा तर प्रश्नच नव्हता. आतलं सगळं तेच ठेवायचं, बॅटरी बदलायची, कव्हर नवं बसवायचं आणि त्याच्यावर जुनी झीज उतरवायची, एवढाच मार्ग होता. आठ दिवसांनी फोन करतो, ते म्हणाले.

त्यांनी जुना पत्रा भिंगाखाली घेतला. घामाची झीज त्यांना तोंडपाठ होती. घाम आधी कडेनं शिरतो, थराखाली बारीक फोड उठवतो, मग खड्डे पाडतो. त्याला ना दिशा, ना शिस्त. इथे मात्र उडालेल्या जागेवर केसाहून बारीक रेघा होत्या, सगळ्या आडव्या. त्यांनी तिला फोन करून विचारलं, भांड्यांची घासणी वगैरे लावली होती का? ती दुखावलीच. मऊ कापडाशिवाय आपण त्याला काही लावलेलं नाही, म्हणाली. असेल काहीतरी, म्हणून मास्तरांनी विषय सोडला. नक्कल म्हणजे नक्कल. रेघा आडव्या, तर आडव्या.

काम वाटलं तितकं सोपं नव्हतं. वीस वर्षं गुळगुळीत करायला शिकलेला हात खडबडीत करायला तयार होईना. पाचव्या दिवशी तर कोणाशी तरी गप्पा मारता मारता त्यांनी निम्मा डाग घासून साफ केला आणि मग कपाळावर हात मारून घेतला. नवीन कव्हर मागवलं, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

लॅपटॉप तयार झाल्यावर त्यांना राहवेना, म्हणून ते स्वतःच पोचवायला गेले. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. सासरे खिडकीपाशी खुर्चीत बसले होते.

"बाबा, लॅपटॉप आला," ती म्हणाली. "हे मास्तर, यांनीच दुरुस्त केला."

"तू ठेव आधी हात," सासरे म्हणाले.

तिने ठेवला. आपणच जुनं करून घेतलेलं कव्हर आहे हे ठाऊक असूनही तिने डोळे मिटून घेतले.

"ठीक आहे ना?"

"ठीक आहे, बाबा."

मग म्हाताऱ्याची बोटं त्या जागेवर फिरली. एकदा उभी, एकदा आडवी. आडवी फिरताना ती मध्येच थांबली, तेव्हा मास्तरांचा जीव टांगणीला लागला.

"हाच तो," सासरे म्हणाले.

ती डोळे पुसत चहा टाकायला आत गेली. तिच्या चेहऱ्याकडे पाहून आठ दिवसांचं सार्थक झालं असं मास्तरांना वाटलं. म्हातारा मात्र कान देऊन बसला होता. आत नळाचा आवाज सुरू झाला तसा तो पुढे वाकला.

"हात चांगला आहे तुमचा," तो हळूच म्हणाला. "रेघासुद्धा सोडल्या नाहीत."

मास्तरांची मान खाली गेली.

"पोरगा गेला, ती महिनाभर माहेरी होती. ती येईपर्यंत त्याच्या वस्तू नीट करून ठेवाव्यात म्हणून बसलो होतो. हाही घेतला. सवयीचा हात, मास्तर. भानावर आलो तोवर सगळा लख्ख झाला होता." त्याने तळहात त्या जागेवर टेकवला. "कारखान्यातल्या सोबत्यांकडून पुन्हा थर चढवून आणला आणि आठवून आठवून मीच झिजवला. तिला सांगू नका. मी रोज चालू करायला लावतो, ते तिच्यासाठीच."