सांजची धडधड

"सांजच्याला मी घरी आलो, की हिची छाती धडधडाया लागती," मल्हारीनं केंदूरच्या देवऋष्याला सांगितलं. देवऋष्यानं त्याच्या बायकोच्या, गिताबाईच्या कपाळाला भंडारा फासला आणि लिंबू उतरवलं.

शिरूरच्या डॉक्टरांनाही मल्हारीनं हेच सांगितलं, अगदी याच शब्दांत. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. दोघांनी ऐकलं, पण एकाच्याही डोक्यात शिरलं नाही. तिला तर कुणी काही विचारलंच नाही. बायकोचं दुखणं नवऱ्यानं सांगायचं, ही रीतच.

शेवटी कुणीतरी सुचवलं म्हणून त्यानं तिला दौंडच्या विहारात ध्यान शिकवणाऱ्या साधनाताईंकडे नेलं. मल्हारीनं तोंड उघडताच ताई म्हणाल्या, "तुम्ही बाहेर थांबा. त्यांना बोलू द्या."

तो चरफडत बाहेर गेला. ताईंनी दार लोटून घेतलं.

"बुद्धांनी सांगितलंय, प्रत्येक दुःखाला कारण असतं. कारण कळलं, की त्यातून सुटायचा मार्गही असतो. आधी तुमचं कारण शोधू या."

"शोधायचं कशाला, ताई? तुमीच तर आत्ता त्याला बाहीर काढलं." गिताबाईनं पदर खोचला. "मार्गाचं बोला. मागल्या अंगाला दार हाय का?"